एंगेज टोन

माझे बाबा दापोलीला टेलिफोन खात्यात लाइनमन होते. डाक-तार खातं एकत्र होतं तेव्हा नोकरीला लागले आणि बीएसएनएल झाल्यावर निवृत्त झाले. २०१९ च्या ऑक्टोबरात ते आमच्याकडे वेस्टबरोला आले, ती त्यांची तिसरी खेप. आई असताना दोनदा येऊन गेले होते. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, व्हाइट माउंटन्सची पानगळ, सगळं झालं होतं. आई २०१७ मध्ये गेली. या वेळी मी विचारलं, "बाबा, काय काय बघायचं?" तर म्हणाले, "टेलिफोनची जागा बघायची राहिलीय."

बॉस्टन ही टेलिफोनची जन्मभूमी आहे हे मला शाळेत शिकवलं असणार, पण सोळा वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये राहून ती जागा शोधायचं कधी सुचलं नव्हतं. त्याच सुमारास लेकीच्या, म्हणजे नववीतल्या आमच्या कन्येच्या, आर्टच्या शिक्षिकेने एखादं संग्रहालय बघून एक पान लिहून आणायला सांगितलं होतं. बॉस्टनच्या सीपोर्टमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्टमध्ये, ज्याला इथे सगळे आयसीए म्हणतात, स्थलांतरावरचं प्रदर्शन नुकतंच सुरू झालं होतं. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तिकीट नव्हतं. तेव्हा दिवाळी झाल्यावरच्या शनिवारी आम्ही तिघं निघालो. आधी आजोबांचा दगड, मग नातीचं प्रदर्शन. नवऱ्याने "माझी पानं गोळा करायची आहेत" असं सांगून घरी राहायची परवानगी मिळवली.

वेस्टबरोहून गाडीने साउथ स्टेशन, तिथून सबवेने गव्हर्नमेंट सेंटर. बाबांनी पिशवीत चहाचा थर्मास आणि उरलेली चकली घेतली होती. जॉन एफ. केनेडी फेडरल बिल्डिंगच्या समोर तो दगड आहे. इथे पूर्वी कोर्ट स्ट्रीटवर एक इमारत होती. तिच्या माळ्यावर २ जून १८७५ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्याचा मदतनीस थॉमस वॉटसन यांनी तारेवरून पहिल्यांदा आवाज पाठवला. तो नुसता आवाज होता. समजतील असे शब्द जायला १० मार्च १८७६ उजाडावं लागलं, तेही बॉस्टनमध्येच, पण दुसऱ्या घरात. इमारत केव्हाच गेली. माणसं दगडाकडे न बघता घाईने जात येत होती.

बाबांनी चपला काढल्या नाहीत एवढंच. टोपी मात्र काढली. मग दगडाला हात लावून म्हणाले, "बघ, सुरुवातीला हा नुसता खरखराट होता. आमच्याकडे पावसाळ्यात यायचा तसाच असणार."

मी दगडाच्या मागच्या इमारतीकडे बघत होते. माझ्या नागरिकत्वाची मुलाखत त्याच इमारतीत झाली होती, २०१२ मध्ये. त्या दिवशी मी याच दगडावरून गेले असणार. हातात फायली होत्या, डोक्यात शंभर प्रश्नांची उत्तरं होती, दगड काही दिसला नाही. तिथून चार पावलांवर फॅन्यूइल हॉल. शपथ तिथे घेतली. लेकीला उत्साह आला. तिने आजोबांना सांगितलं, "आजोबा, आई इथे सिटिझन झाली!"

बाबा "हो का" म्हणाले आणि इमारतीच्या टोकावरचा सोन्याचा नाकतोडा बघत राहिले.

इथे मला एक कबूल करायला हवं. शपथ घेतल्याचं मी त्यांना पंधरा दिवसांनी फोनवर सांगितलं होतं. आधी सांगायला जीभ उचलली नाही. आई थोडी रडली. बाबांनी एवढंच विचारलं, "मग आता तुला इकडे यायला व्हिसा लागणार?" मी म्हटलं, "ओसीआय कार्ड काढणार आहे, लागणार नाही." "मग बरं," म्हणाले आणि विषय संपला. पुढे माझा भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का बसून परत आला. तो अजून माझ्या कपाटात आहे, आईच्या पैठणीखाली. आपल्यापैकी अनेकांकडे असा एकेक असेल.

तिथून आम्ही टॅक्सीने सीपोर्टला गेलो. आयसीएची इमारत २००६ मधली. डिलर स्कोफिडिओ आणि रेनफ्रो या वास्तुशिल्पींची. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे, थेट बंदराकडे झेपावलेला. बाबांनी खालून बघून "खांब कुठे आहेत?" असं विचारलं. खांब हा त्यांचा जुना विषय. समोर पाणी, पाण्यापलीकडे ईस्ट बॉस्टन आणि लोगन विमानतळ. दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान उतरतं. याच पलीकडच्या किनाऱ्यावर १९२० मध्ये बोटीने येणाऱ्यांची तपासणी करणारं इमिग्रेशन स्टेशन उघडलं होतं. कागद नीट नसलेल्यांना तिथे अडकवून ठेवत. ती इमारत २०११ मध्ये पाडली. म्हणजे आम्ही ज्या काचेतून बघत होतो, तिच्यासमोर येण्याच्या दोन्ही वाटा होत्या. जुनी पाण्यावरची, आणि आपली सगळ्यांची, बॅगा घेऊन सरकत्या पट्ट्याशी उभं राहण्याची.

प्रदर्शनाचं नाव होतं 'व्हेन होम वोंट लेट यू स्टे'. वेगवेगळ्या देशांतल्या वीस कलाकारांची कामं. लेकीने नावाचा अर्थ आजोबांना समजावला, घरच राहू देत नाही तेव्हा. बाबा म्हणाले, "म्हणजे थिबा राजासारखं." मग तिला थिबा राजा सांगावा लागला. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेतलं आणि त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीत त्याचा राजवाडा आहे. तिला हे फारच आवडलं. आपल्या आजोबांच्या जिल्ह्यात लोक बाहेर जातात एवढंच तिला माहीत होतं. तिथे कुणाला बाहेरून आणून अडकवलं होतं, हे नवीन होतं.

आत गेल्यावर मला वाटलं होतं बाबा कंटाळतील. तसं झालं नाही. कोरियन कलाकार डो हो सू याने आपण राहिलेल्या घरांचे भाग पारदर्शक कापडात शिवले आहेत. दार, चौकट, विजेचं बटण, सगळं कापडाचं. बाबांनी बटणाची शिलाई निरखली. यिंका शोनिबारे याचं ग्रंथालय होतं. रंगीत छापील कापडात बांधलेली हजारो पुस्तकं आणि कित्येकांच्या पुठ्ठ्यावर अमेरिकेत आलेल्या किंवा आलेल्यांच्या पोटी जन्मलेल्या माणसांची नावं. एका कोपऱ्यात कामिलो ओंतिवेरोस या कलाकाराने एका तरुणाचं सामान दोऱ्यांनी आवळून उभं केलं होतं. तो तरुण लहानपणापासून अमेरिकेत वाढलेला, आणि त्याला मेक्सिकोला पाठवून दिलेलं. गादी, खुर्ची, कपडे, सगळं एका गाठोड्यात. बाबा बराच वेळ तिथे उभे राहिले. आई गेल्यावर तिचं सामान मी असंच चार दिवसांत आवरून इकडे परतले होते. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

मग आम्ही त्या भिंतीसमोर आलो.

भिंतभर जगाचा नकाशा होता, रंगाने काढलेला नव्हे, विजेच्या तारांनी विणलेला. लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या, काळ्या. खंडं तारांची, आणि एका खंडातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटाही तारांच्या. माणसं जगात कुठून कुठे गेली त्या या वाटा. मजूर म्हणून नेलेली, कंत्राटावर गेलेली, व्यापारासाठी, नोकरीसाठी गेलेली, जीव वाचवून पळालेली. मध्ये मध्ये सर्किट बोर्ड आणि स्पीकर. कामाचं नाव 'वोव्हन क्रॉनिकल'. मराठीत म्हणायचं तर विणलेली बखर. आणि कलाकार होती मुंबईची, रीना सैनी कलाट.

मी पाटीवर नाव वाचलं आणि उगाचच अभिमान वाटला. परदेशात आपल्याकडचं नाव दिसलं की वाटतो तसा. रीना कलाट यांचा जन्म १९७३ चा, दिल्लीचा. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात. वडिलांकडचं घराणं फाळणीत लाहोर सोडून आलेलं. हेच काम २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्येही होतं. आयसीएनंतर हे प्रदर्शन मिनियापोलिसला आणि स्टॅनफर्डला गेलं, तेव्हा तिकडच्या मंडळींपैकी काहींनी ते पाहिलं असेल. मुंबईतलं त्यांचं एक काम मी फक्त छायाचित्रांत पाहिलं आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भागावर २०१३ मध्ये त्यांनी एक प्रचंड कोळिष्टक लावलं होतं, रबरी शिक्क्यांचं. शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची बदललेली जुनी नावं. शिक्का हे त्यांचं आवडतं साधन आहे असं दिसतं. एका ठशात माणूस आत किंवा बाहेर. माझ्या कपाटातल्या पासपोर्टची आठवण झाली.

बाबांना पाटीशी देणंघेणं नव्हतं. ते सरळ तारेपाशी गेले, इतके जवळ की तिथल्या रखवालदार बाईंनी हसून एक पाऊल मागे यायला सांगितलं. मागे येऊन बाबा नातीला शिकवू लागले. केबलमध्ये तारांच्या जोड्या कशा ओळखायच्या? "पांढऱ्याबरोबर निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी. मग लाल धरायची आणि पुन्हा निळीपासून सुरू. हे चुकलं की इकडचा फोन तिकडे वाजतो." लेक मोबाइलवर लिहून घेत होती. मग बाबांनी दाखवलं ते आम्हा दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. "ही तार सरळ नाही बघ. हिला पीळ देऊन काटे काढलेत. कुंपणाची करतात तशी." खरंच, बोलणं वाहून नेणारी तार जागोजागी काटेरी तारेसारखी वळवली होती. ज्या तारेने दोन गावं जोडायची तिचंच कुंपण.

बाबा कोकणातून मॉरिशसला जाणारी तार शोधत होते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिथे उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज अजून मराठी म्हणवतात, गणपती बसवतात, हे त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. पण एवढ्या तारांत कुठली कुठे जाते ते धरता येईना. "जॉइंटरला बोलवावं लागेल," असं म्हणून त्यांनी नाद सोडला.

स्पीकरमधून आवाज चालू होते. खोल समुद्रासारखी घुमघुम, विजेच्या तारांची गुणगुण, जहाजाचे भोंगे, कारखान्याचे भोंगे, पक्ष्यांचे आवाज. आम्हाला तो एकच गोंगाट वाटत होता. अचानक बाबांनी मान तिरकी केली आणि बोट वर केलं.

"एंगेज!"

लेक म्हणाली, "व्हॉट?"

"एंगेज टोन. ऐक. टूं, टूं, टूं. आता गेला. आता परत."

तिने आयुष्यात एंगेज टोन ऐकला नव्हता. तिच्या फोनमध्ये माणूस बोलत असला तर सरळ निरोप ठेवायला सांगतात. मग तिथल्या बाकावर बसून बाबांनी तिला जी गोष्ट सांगितली, ती मीही पहिल्यांदा ऐकली.

१९९० मधली. दापोलीच्या आसपासच्या, हर्णै-बुरोंडी पट्ट्यातल्या कितीतरी घरांतले पुरुष आखातात होते. २ ऑगस्टला इराकने कुवेतवर हल्ला केला. दुसऱ्या दिवसापासून एक्स्चेंजबाहेर बायकांची रांग. त्यांत हर्णैच्या एक चाची होत्या, मुलगा कुवेतमध्ये वाहनचालक. ऑपरेटर ट्रंक कॉल लावायचा. मुंबईपर्यंत लाइन जायची, पुढे एंगेज. दिवसभर एंगेज. चाची रोज पहिल्या एसटीने यायच्या, बाकावर बसायच्या आणि दिवस मावळला की परत जायच्या. एके दिवशी त्यांनी बाबांना विचारलं, "भाऊ, हा टूं टूं आवाज म्हणजे काय? माझा पोरगा मेला?"

"मी काय सांगणार?" बाबा म्हणाले. "मी म्हटलं, चाची, लाइन मेली की आवाजच येत नाही. हा आवाज येतोय म्हणजे निदान मुंबईपर्यंत लाइन जिती आहे. पुढे गर्दी आहे. सगळ्या जगाच्या आया आज कुवेतला फोन लावतायत."

चाचींना ते पटलं. त्या रोज येऊन ऑपरेटरला म्हणायच्या, मला तो आवाज ऐकव. ऐकायच्या आणि जायच्या. त्या वर्षी कुवेत-इराकमधून लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आणलं. चाचींचा मुलगा सप्टेंबरात आला. तो अंगावरच्या कपड्यांनिशी आला होता. वर्षाने परत गेला.

"परत का गेला?" लेकीने विचारलं.

"घर बांधायचं अर्धं राहिलं होतं," बाबा म्हणाले.

नंतर आम्ही आयसीएच्या त्या लांब काचेच्या दालनात बंदराकडे तोंड करून उभे राहिलो. लेक पुस्तकांच्या दुकानात गेली होती. मी ठरवूनच विषय काढला. मी नागरिक असल्यामुळे वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. आई गेल्यापासून माझ्या मनात तेच होतं. घरात अर्ज भरून तयार होता, त्यांची सही तेवढी हवी होती. म्हटलं, "बाबा, तिकडे तुम्ही एकटे असता."

बाबा उतरणाऱ्या विमानाकडे बघत म्हणाले, "एकटा म्हणजे काय गो बाय? इथे तुम्ही सकाळी आठला जाता ते संध्याकाळी सहाला येता. तेवढा वेळ मी एकटाच असतो. तिकडे निदान दूधवाला येतो, त्याच्याशी भांडण होतं."

"पण काही झालं तर मला यायला दीड दिवस लागतो."

"मला ठाऊक आहे. तू यायचीस ते येशीलच. तुझं कार्ड आहे ना?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "मी इथली झाले याचा तुम्हाला राग आहे." ते माझ्याकडे वळले. "राग नाही. मला आधी सांगितलं असतंस तर मी पेढे वाटले असते. तू घाबरत सांगितलंस, म्हणून मला वाटलं काही तरी वाईट झालंय."

सात वर्षं मी ज्याला त्यांचं दुःख समजत होते, तो माझाच घाबरटपणा होता. लेक पिशवी घेऊन आली. आम्ही थर्मासमधला चहा बाहेर पाण्याच्या कडेला बसून प्यालो. अर्जावर सही झाली नाही. जानेवारीत, आंब्याला मोहर आला असेल म्हणून, बाबा परत गेले.

पुढचं आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला आलं. १३ मार्च २०२० पासून ओसीआय कार्डावर व्हिसाविना जाण्याची सोय थांबवली गेली. मार्च संपण्याआधी विमानंही थांबली. ज्या कार्डाच्या भरवशावर मी बाबांना "लागणार नाही" म्हटलं होतं, ते कार्ड आणि कपाटातला रद्द पासपोर्ट आता एकाच मोलाचे होते. त्या दिवसांत मला ती भिंत फार आठवायची. रोज सकाळी मी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलत होते, ते काय जेवले ते मला पानासकट दिसत होतं, आणि मी जाऊ शकत नव्हते. तार तीच. बोलणं जात होतं, माणूस अडत होता. अर्थात आम्ही पळून आलेलो नव्हतो, आम्हाला कुणी गाठोड्यासारखं बांधून पाठवलं नव्हतं. त्या भिंतीवर आपली तार सगळ्यांत मऊ आहे, हे मला कळतं. पण काटे तिलाही आहेत, हे तेव्हा कळलं.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली आणि मंडणगडची काय दशा झाली ते वाचकांपैकी अनेकांना माहीत आहे. सुपारीच्या बागा झोपल्या, छपरं उडाली, विजेचे खांब हजारांनी पडले. बाबांचा मोबाइल बंद. घरातला बीएसएनएलचा काळा फोन, जो त्यांनी "आपल्या खात्याचा" म्हणून ठेवला होता, तोही मुका. चार दिवस मी अर्ध्या अर्ध्या तासाने नंबर लावत होते. रिंग नाही, आवाज नाही, काहीच नाही. पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला लावला आणि ऐकलं, टूं, टूं, टूं.

मी स्वयंपाकघरात खाली बसले. नवरा धावत आला. मी म्हटलं, "एंगेज आहे! ते बोलतायत कुणाशी तरी!" लेकीने फोन कानाला लावला, ऐकला आणि हसायला लागली. त्या रात्री आम्ही तिघं झोपलो.

दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी टेकडीवर रेंज शोधून फोन केला. बाबा बरे होते. स्वयंपाकघराची कौलं गेली होती, चार कलमं आडवी झाली होती. आठवड्याने बाबांशी बोलणं झालं तेव्हा मी त्यांना एंगेज टोनचं सांगितलं आणि विचारलं, "कुणाशी बोलत होतात एवढं?"

बाबा जरा थांबले. लाइनमन माणूस, खोटं सांगवेना. "अगो, मी कुठला बोलतोय? ड्रॉप वायर तुटून ओल्या पानांत पडली होती. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की एक्स्चेंजला वाटतं फोन उचललाय. मग बाहेरच्याला एंगेज मिळतो. तो फॉल्ट होता."

"म्हणजे चाचींनाही तुम्ही..."

"चाचींचा खरा होता," ते घाईने म्हणाले. मग म्हणाले, "बहुतेक."

ऑक्टोबरात ओसीआयची वाट पुन्हा उघडली आणि डिसेंबरात मी दापोलीला पोचले. कौलं बसली होती. काळा फोन चालू होता. ड्रॉप वायर बाबांनी स्वतः ओढली होती, पंचाहत्तराव्या वर्षी शिडीवर चढून, आणि त्यावरून माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं.

लेकीने आर्टच्या शिक्षिकेला दिलेलं पान माझ्याकडे आहे. त्यात रीना कलाट यांच्या नकाशाबद्दल चार ओळी आहेत आणि बाकी सगळं तारांच्या रंगांबद्दल. बाबांच्या सहीविना राहिलेला अर्ज त्याच कपाटात आहे. ते अजून दापोलीत आहेत, अजून वर्षाआड येतात. दर शनिवारी रात्री साडेआठला मी त्यांना काळ्या फोनवर फोन करते. तिकडे रविवारची सकाळ असते. कधी एंगेज लागतो. मी चहा टाकते आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावते.